मदत हवी आहे : एकोमध्ये ईएफ ५८ टक्के, तरीही हार्ट फेल्युअर. एमआरआय करावा की सीटी?

खारेवारे

माझ्या वडिलांना गेल्या काही महिन्यांपासून धाप लागते, संध्याकाळपर्यंत दोन्ही पायांवर सूज चढते आणि डोक्याखाली दोन उशा घेतल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. बंदरावरून आमच्या घराकडे येणारी पाखाडी ते पूर्वी बोलत बोलत चढत असत. आता मध्ये दोनदा टेकावे लागते. जवळच्या शहरात टू-डी एको (ध्वनिलहरींनी होणारी हृदयाची तपासणी) केला, त्यात ईएफ, म्हणजे हृदयाच्या पंपिंगचा आकडा, ५८ टक्के आली आणि एको करणाऱ्यांनी ‘पंपिंग उत्तम आहे’ असे सांगून आम्हाला घरी पाठवले. तोच कागद पाहून दुसऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर हार्ट फेल्युअर असे लिहिले, लघवीची गोळी सुरू केली आणि ‘कारण शोधायला हवे, कोल्हापूरला जाऊन कार्डिअ‍ॅक एमआरआय किंवा सीटी अँजिओ करून घ्या’ असे सांगितले. पंपिंग उत्तम असेल तर हार्ट फेल कसे, हे विचारायला त्यांच्यापाशी वेळ नव्हता. आम्हाला देवगडहून गाडी ठरवून घाट चढायचा आहे, त्यामुळे दोन्हींपैकी कोणती तपासणी करावी एवढेच कृपया सांगावे. पथ्ये आणि प्राणायाम नकोत.

अंबाघाट

दोन्ही नकोत, सरळ अँजिओग्राफी करून घ्यावी. मलाही धापच लागत होती, छातीत कळ कधीच आली नव्हती, आणि प्रत्यक्षात मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. त्याच टेबलावर स्टेंट बसला. सीटीमध्ये अडथळा दिसला तरी पुन्हा अँजिओग्राफी करावीच लागते, मग खर्च दोनदा कशासाठी करायचा?

सुरंगी

मी बरीच वर्षे एकोच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते. ईएफ हा आकडा एवढेच सांगतो की डाव्या खालच्या कप्प्यात जमलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते. तो कप्पा भरताना सहज सैल होतो की ताठ राहतो, हे त्या आकड्यात येत नाही. भिंत ताठ असेल तर कप्पा भरण्यासाठी आतला दाब वाढावा लागतो, तो दाब मागे फुफ्फुसांपर्यंत पोहोचतो आणि माणसाला धाप लागते, मग ईएफ ५८ असो वा ६५. म्हणूनच ५० टक्के किंवा त्याहून अधिक ईएफ असलेल्या हार्ट फेल्युअरचा वेगळा गट मानला जातो. तुम्हाला भेटलेल्या दोघांची विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

मात्र ‘एमआरआय की सीटी’ या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी तुम्ही काहीच माहिती दिलेली नाही. वडिलांचे वय काय? एकोच्या कागदावर आयव्हीएस आणि एलव्हीपीडब्ल्यू, म्हणजे डाव्या खालच्या कप्प्याच्या मधल्या पडद्याची आणि मागच्या भिंतीची जाडी, यांच्यापुढे काय लिहिले आहे? डावा वरचा कप्पा, म्हणजे एलए, वाढला आहे का? झडपांबद्दल काय लिहिले आहे? रक्तदाब, मधुमेह, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) किती? ईसीजी काढला का? पेसमेकर आहे का?

केवडा

खारेवारे, पथ्य नको म्हणालात तरी लिहितो, कारण आपल्याकडे मीठ ताटात दिसत नाही. सुका बांगडा, सुकट, खारवलेल्या कैऱ्या, पापड आणि पेजेबरोबरचे लोणचे हे सर्व एका दिवसाच्या जेवणात आले, तर लघवीच्या गोळीने काढलेले पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा पायांत उतरते. रोज सकाळी उठल्यावर वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

खारेवारे

वय ७४. आयव्हीएस १५ मिमी, मागची भिंत १४ मिमी. एलए वाढलेला आहे, पुढे ‘ग्रेड २ डायस्टॉलिक डिसफंक्शन’ (कप्पा सैल होण्यातला दोष) आणि निष्कर्षात ‘हायपरटेन्सिव्ह हार्ट डिसीज’, म्हणजे उच्च रक्तदाबामुळे झालेला हृदयविकार, असे लिहिले आहे. झडपा ठीक आहेत. क्रिएटिनिन १.४, मधुमेह नाही, पेसमेकर नाही. ईसीजीवर यंत्रानेच ‘लो व्होल्टेज’ असे छापले आहे. रक्तदाब जुना आहे, परंतु गेल्या वर्षापासून गोळ्या घेतल्या की चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी त्या बंद केल्या आणि आता गोळीविना ११० च्या आसपास असतो. बाकी कोणताही आजार नाही. कारण कागदावरच लिहिलेले आहे, मग आणखी चित्रे कशासाठी, हा माझा दुसरा प्रश्न समजावा.

बंदरकर

मी जहाजदुरुस्तीच्या कामात वेल्डिंगची तपासणी करत असे, म्हणून एक जोड देतो. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद घेतली, तेव्हा त्यांनी सुरुवातीला वापरून पाहिलेले यंत्र माल्मो येथील जहाजबांधणीच्या कारखान्यातले होते आणि ते धातूतील दोष शोधण्यासाठी वापरले जाई. आमच्या कामातही पत्र्याची जाडी एका यंत्राने कळत असे, पण तो पत्रा कशाचा आहे हे कळायला दुसरी परीक्षा लागे.

वाशिष्ठी

माझ्या सासूबाईंचे सर्व काही असेच होते : ईएफ उत्तम, पायांना सूज आणि पोटात पाणी. कितीतरी दिवस यकृताचे औषध चालू होते. शेवटी सीटीमध्ये हृदयाभोवतीचे आवरण जाड होऊन त्यात चुना साचलेला दिसला. तरुणपणी झालेल्या क्षयरोगाचा तो परिणाम होता. हृदय चांगले, पण करवंटीत अडकल्यासारखे, त्यामुळे भरायलाच जागा नाही. शस्त्रक्रियेने ते आवरण काढल्यावर सूज उतरली. म्हणून माझे मत सीटीकडे आहे, कारण साचलेला चुना सीटीत सर्वांत स्पष्ट दिसतो. वडिलांना कधी क्षयरोग झाला होता का?

खारेवारे

नाही. कृपया एका ओळीत उत्तर द्यावे.

अंबाघाट

वाशिष्ठीताईंचे उदाहरण दुर्मीळ आहे. ७४ व्या वर्षी आधी ब्लॉकेजच पाहतात. एमआरआय ही सगळीकडे न मिळणारी, महाग तपासणी आहे, आणि त्यातून निघणार काय? औषध शेवटी लघवीचेच.

सुरंगी

अंबाघाट, रक्तवाहिन्या पाहायला हव्यात हे मान्य. पण त्या मोकळ्या निघाल्या तर पुढे काय, याचे उत्तर तुमच्या सल्ल्यात नाही. सीटी अँजिओ रक्तवाहिनीचा मार्ग दाखवते, तर एमआरआय स्नायू दाखवतो. गॅडोलिनियम हे औषध शिरेतून दिल्यानंतर काही मिनिटांनी काढलेल्या चित्रांत खराब झालेला भाग पांढरा उठून दिसतो आणि तो कुठे आहे यावरून कारणाचा माग लागतो. रक्तवाहिनी बंद पडून झालेला व्रण आतल्या अस्तराकडून सुरू होतो. विषाणूजन्य सुजेचा व्रण बहुधा बाहेरच्या कडेला असतो. औषध नेहमीच लघवीचे राहत नाही, हे वाशिष्ठीच्या सासूबाईंवरूनच दिसते.

खारेवारे, आता तुमच्या कागदाबद्दल. उच्च रक्तदाबाने स्नायू जाड होतो हे खरे, परंतु स्नायू खरोखर वाढला असेल तर ईसीजीवरच्या रेघा सहसा उंच येतात. तुमच्याकडे भिंत १५ मिमी आणि रेघा मात्र बुटक्या. त्यातच रक्तदाब आपोआप उतरला आणि गोळ्या सोसेनाशा झाल्या. या तीन गोष्टी एकत्र आल्या की भिंत स्नायूमुळे जाड झाली आहे की तिच्यात दुसरेच काही साचले आहे, हे तपासावे लागते. म्हणून एक प्रश्न विचारते, तो विचित्र वाटेल : वडिलांच्या मनगटांची कधी शस्त्रक्रिया झाली आहे का? बोटांना मुंग्या, रात्री हात बधिर होणे, असे काही?

खारेवारे

झाली आहे, दोन्ही हातांची, सहा-सात वर्षांपूर्वी. मनगटातली नस दाबली जात होती आणि कलमे बांधताना सुरी हातातून निसटत असे. ते दुखणे बरे झाले, हातांचे डॉक्टर वेगळे होते. हृदयाशी त्याचा काय संबंध?

सुरंगी

संबंध असू शकतो. ट्रान्सथायरेटिन नावाचे प्रथिन यकृतात तयार होते. उतारवयात, विशेषतः पुरुषांमध्ये, ते उलगडून त्याचे धागे ऊतींमध्ये साचू लागतात. मनगटातल्या अरुंद जागेत ते आधी त्रास देते आणि पुष्कळदा काही वर्षांनी हृदयाच्या भिंतीत दिसते. या आजाराला अ‍ॅमिलॉइडोसिस म्हणतात. वडिलांना तो आहेच असे मी म्हणत नाही. मनगटाचा हा त्रास असंख्य लोकांना होतो आणि त्यांतल्या बहुतेकांचे हृदय ठणठणीत असते. पण हा धागा तुमच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवा, कारण एकोच्या कागदावर मनगटांचा रकाना नसतो.

घाट चढण्यापूर्वी दूरध्वनी करून विचारा की त्यांच्याकडे एकोवर ‘स्ट्रेन’ मोजतात का. त्यात डाव्या कप्प्याचे प्रत्येक ठिकाण किती आखडते हे गोल नकाशावर रंगांत दिसते. अ‍ॅमिलॉइडमध्ये बहुधा कडेचा भाग फिका पडतो आणि टोकाकडचा, म्हणजे नकाशाच्या मध्यावरचा भाग, गडद लाल राहतो. या तपासणीत सुई नाही, औषध नाही, आणि एको तसाही पुन्हा करतीलच.

अंबाघाट

म्हणजे अजून एक एको. याला अंत आहे की नाही?

वाशिष्ठी

अंत कारण सापडल्यावर असतो, अंबाघाट. तुम्हाला तो त्याच टेबलावर सापडला, म्हणून सर्वांना तिथेच सापडेल असे नाही.

खारेवारे

दूरध्वनी केला. स्ट्रेन होते असे म्हणाले. मनगटांचे सांगितल्यावर तिथल्या डॉक्टरांनी स्वतः पुन्हा दूरध्वनी करून सीटी तूर्त नको, एमआरआयचे एको पाहून ठरवू, असे सांगितले. त्याशिवाय ‘लाइट चेन’ नावाची रक्ताची आणि लघवीची तपासणी लिहून दिली आणि ‘पीवायपी स्कॅन’चा उल्लेख केला. आता हे पीवायपी काय आहे? वडील सपाट झोपू शकत नाहीत, त्यांना एमआरआयच्या नळीत तासभर कसे ठेवणार? आणि सरकारी आरोग्य योजनेत यातले काही बसते का?

सुरंगी

क्रमाने लिहिते. सपाट झोपता येत नसेल तर आधी सूज आणि धाप औषधांनी उतरवून मगच एमआरआय करतात, कारण प्रत्येक चित्रासाठी दहा-पंधरा सेकंद श्वास रोखावा लागतो; धापेत काढलेली चित्रे पुसट येतात. क्रिएटिनिन १.४ आहे हे तिथे आवर्जून सांगा; गॅडोलिनियम देण्यापूर्वी मूत्रपिंडाची क्षमता मोजून पाहतात.

पीवायपी हा न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होणारा स्कॅन आहे. टेक्नेशियम जोडलेले पायरोफॉस्फेट शिरेतून देतात आणि एक ते तीन तासांनी छातीची चित्रे घेतात. मुळात ते हाडांसाठीचे द्रव्य आहे, पण ट्रान्सथायरेटिन साचलेल्या हृदयातही ते जाऊन बसते. बरगड्यांच्या तुलनेत हृदय किती उजळले यावरून ० ते ३ श्रेणी देतात. टेक्नेशियमची किरणोत्सर्गिता दर सहा तासांनी निम्मी होते, त्यामुळे स्कॅन झाल्यावर त्याच दिवशी घरी येता येते. लाइट चेनची तपासणी मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळू नका. अ‍ॅमिलॉइडचा दुसरा एक प्रकार अस्थिमज्जेतील पेशींनी तयार केलेल्या ‘लाइट चेन’ या प्रथिनांमुळे होतो, त्यातही हा स्कॅन उजळू शकतो, आणि त्याचे उपचार पूर्णपणे वेगळे व तातडीचे असतात. ती तपासणी निर्दोष आली आणि स्कॅन २ किंवा ३ श्रेणीचा आला, तर बहुतेक वेळा निदानासाठी हृदयातून तुकडा काढण्याची गरज राहत नाही.

योजनेचे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. शिधापत्रिका आणि आधार बरोबर ठेवा.

केवडा

उत्तम माहिती. वजन लिहायला सुरुवात केली का?

खारेवारे

केली. गोळीने सूज थोडी उतरली आहे. जुना एको फक्त कागदावर आहे, त्यांनी सीडी दिलेली नाही. तो नेऊन उपयोग होईल का?

सुरंगी

नक्की न्या, जाडीचे आकडे तुलनेला लागतात. शिवाय त्याच केंद्रात आणखी जुना एको असेल तर तोही मागून घ्या. पाच वर्षांपूर्वी भिंत ११ मिमी होती की तेव्हाही १५ होती, हे पाहणाऱ्याला लगेच कामाला येईल. मनगटाच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड सापडले तर तेही त्याच फायलीत लावा.