हाताची घडी, तोंडावर बोट : देहबोलीच्या नावाखाली काय चाललंय?

मिरजेचा मामा (धागाकर्ता)

माझा भाचा केज तालुक्यातला. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मार्क चांगले, लेथवर हात बसलेला. पुण्यात एका कंपनीत लेखी परीक्षेत वरच्या पाचांत आला आणि मुलाखतीत गळाला. कारण काय कळवलं? "नजरेला नजर देत नाही, हात बांधून बसतो, आत्मविश्वास कमी वाटतो."

आता हे पोरगं शाळेत दहा वर्षं काय शिकलं? हाताची घडी, तोंडावर बोट. घरात काय शिकलं? मोठ्यांशी बोलताना डोळे वर करून बघायचं नाही. म्हणजे शहाण्या मुलाची जी लक्षणं होती, तीच इथं नापासाची ठरली.

पुढे आणखी गंमत. पोरानं साडेचार हजार भरून दोन रविवारांचा 'देहबोली वर्ग' केला. सुट्टीत आला तेव्हा त्याची वही बघितली. पहिल्याच पानावर लाल पेनानं चौकटीत : "९३ टक्के संवाद शब्दांविना होतो." खाली काडीचा माणूस, हात बांधलेला, त्यावर फुली. पुढच्या पानावर नाक खाजवणारा काडीचा माणूस, त्याच्यापुढे लिहिलंय 'खोटं'.

त्या ९३ ची जन्मकथा सांगतो, कारण ती ऐकून मी कपाळावर हात मारला होता. आल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर दोन छोटे प्रयोग केले. एका प्रयोगात 'कदाचित' या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. दोन्ही प्रयोगांचे आकडे जुळवून शब्द ७, सूर ३८, चेहरा ५५ असं समीकरण मांडलं. हे फक्त भावना आणि आवडनिवड सांगण्यापुरतं आहे, असं मेहराबियन यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केलं. पण तोवर ९३ चा आकडा जगभरच्या वर्गांत फळ्यावर जाऊन बसला होता.

शब्दांची किंमत सात टक्के असती तर मदुराईच्या बसस्टँडवर मी चुकीच्या बसमध्ये चढलो नसतो. कंडक्टरचे हातवारे होते, चेहरा होता, सूर तर चांगलाच होता. शब्द तेवढा कळला नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे. हे शास्त्र नाही, नवं सामुद्रिक आहे. पूर्वी हातावरच्या रेषा बघायचे, आता हात कुठे ठेवलाय ते बघतात. बोला.

उंटावरचा शहाणा

बाकडं टाकून बसलोय. येऊ द्या.

तळेगावकर

मामा, रागावू नका, पण मी टेबलाच्या पलीकडचा माणूस. अठरा वर्षं भरती करतोय. एका दिवसात चाळीस पोरं, प्रत्येकी दहा मिनिटं. मार्क सगळ्यांचे सारखेच. मग मी बघू कशाकडे?

आणि हे नुसतं आमच्या मनाचं नाही. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांचा १९९३ चा अभ्यास आहे. शिकवणाऱ्यांच्या तीस सेकंदांहून छोट्या, आवाज काढून टाकलेल्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. त्यांनी दिलेले गुण त्याच शिक्षकांना विद्यार्थ्यांनी सत्राअखेरीस दिलेल्या गुणांशी बरेच जुळले. थोडक्या वेळात माणसाला माणसाचं काहीतरी कळतंच. 'शितावरून भाताची परीक्षा' आपण उगाच म्हणत नाही.

तुमचा भाचा उद्या शॉपफ्लोअरवर सुपरवायझर झाला तर ऑपरेटरकडे न बघता सूचना देणार का? नजर देणं ही सवय आहे, सायकलसारखी. शिकता येते. क्लासवाला ९३ टक्के खोटं बोलला असेल, पण शिकवलेली सवय खोटी नाही.

मिरजेचा मामा

तळेगावकर, शितावरून भाताची परीक्षा होते कारण शीत भातातलंच असतं. तुम्ही शीत बघत नाही, पातेल्याची कल्हई बघताय.

तो अभ्यास मलाही आवडतो. पण त्यात जुळलं काय? अनोळखी माणसाला आवडलेला मास्तर विद्यार्थ्यांनाही आवडला. त्या मास्तराकडून पोरं गणित किती शिकली, हे त्यावरून ठरत नाही. माझ्या भाच्याला लेथ चालवायचाय, लोकांना आवडायचं नाहीये.

काळा कोट

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. खोटं ओळखण्यावर कोणीतरी बोलायला हवं, कारण मामांच्या भाच्याच्या वहीतलं दुसरं पान पहिल्याहून घातक आहे.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० मध्ये न्यायाधीशाला साक्षीदाराच्या वागण्या-दिसण्याबद्दल महत्त्वाची वाटेल ती नोंद करण्याची तरतूद होती. म्हणजे कायद्यानेही देहबोलीला दार उघडं ठेवलं. पण ते दार किती अरुंद असावं, हे मला एका साक्षीदाराने शिकवलं. साधा शेतकरी, बांधाच्या वादातला. पिंजऱ्यात उभा राहिला आणि टोपी काढून हातात चुरगळायला लागला. घाम, नजर जमिनीवर, दर प्रश्नाला आवंढा. मी विरुद्ध बाजूची. मनात म्हटलं, हा गेला. चांगलं ताणून उलटतपासलं. नंतर मोजणीचा नकाशा आला आणि त्याचा शब्दन् शब्द खरा निघाला. तो पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढला होता, एवढंच होतं ते. त्याच प्रकरणातला आमचा पक्षकार मात्र तोंडावरची माशी हलू न देता खोटं बोलून गेला होता.

चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र केले. चोवीस हजारांहून जास्त माणसांचे निवाडे होते. खरं-खोटं ओळखण्याचं सरासरी प्रमाण आलं ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५०. खोटारडा नजर चुकवतो हा समज मात्र जगभर सापडतो.

अमेरिकेत तर यावर विमानतळांचा बंदोबस्त उभारला. प्रवाशांचे हावभाव टिपणारे खास अधिकारी नेमले. तिथल्या सरकारी लेखातपासणी संस्थेने २०१३ मध्ये हिशेब मांडला : २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च, आणि उपयोगाचा पुरावा नाही. या कामाचा पैसा आटवा, अशी शिफारस केली.

फौजदार (निवृत्त)

वकीलबाई, आकडे ठेवा तुमच्याकडे. आम्ही तीस वर्षं माणसं बघितली. चोराच्या मनात चांदणं असतं आणि ते चेहऱ्यावर पडतंच.

काळा कोट

पडतं ना काका. पण तुमच्या धाकाचं चांदणं निरपराधाच्या चेहऱ्यावरही पडतं. आणि त्याच अभ्यासात पोलिसांसारखे अनुभवी लोक सामान्यांपेक्षा फार सरस ठरले नाहीत. तुम्हाला पकडलेले आठवतात. जे तुमच्यासमोर शांतपणे खोटं बोलून घरी गेले, त्यांची नोंद तुमच्या तीस वर्षांत कुठे आहे?

फौजदार (निवृत्त)

हे मात्र अर्धंच सांगितलंत. आम्ही नाक कोण खाजवतो ते बघत नव्हतो. आधी चहा मागवायचा. गाव कुठलं, पाऊस कसा, पोरं किती. माणूस मुळात कसा बोलतो, कसा बसतो ते डोक्यात घ्यायचं. मग मुद्द्यावर यायचं आणि बदल कुठे होतो ते बघायचं. बदल झाला म्हणजे गुन्हेगार नव्हे. बदल झाला म्हणजे तिथे आणखी प्रश्न विचारायचे. सायकल कुठे ठेवली होती, कुलूप होतं का, कोणतं कुलूप. पुरावा त्या उत्तरांतून निघतो. ज्याला हे जमत नाही तो थोबाडीत मारतो, आणि तसेही पाहिलेत. पण म्हणून सगळं सामुद्रिक? नाही पटत.

सिस्टर

रात्रपाळीच्या मधल्या वेळात लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

मामा, तुमचा राग क्लासवाल्यावर आहे. त्या रागात तुम्ही शास्त्रच बाहेर फेकताय. मी लहान मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात आहे. दीड वर्षाचं मूल 'दुखतंय' सांगत नाही. आई म्हणते भूक लागलीय, आजी म्हणते नजर लागलीय. आम्ही पाच गोष्टी बघतो : चेहरा, पाय, हालचाल, रडणं, आणि उचलून घेतल्यावर शांत होतं का. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. दहापैकी बेरीज. फ्लॅक म्हणतात या मोजपट्टीला, १९९७ पासून वापरात आहे. आपल्याला पोर कसं 'वाटतं' ते कोणी विचारत नाही. पाय सैल आहेत, अस्वस्थ आहेत की पोटाशी ओढलेत, एवढं सांगायचं. दुसऱ्या सिस्टरने वेगळं मोजलं तर जवळपास तेवढेच गुण यायला हवेत.

परवाचंच सांगते. एक छोटी अगदी गप्प पडून होती. वडील म्हणाले, बघा किती शहाणी, रडतसुद्धा नाही. हनुवटी थरथरत होती आणि गुडघे पोटाशी. डॉक्टरांना उठवलं, औषध दिलं, अर्ध्या तासानं पाय लांब करून झोपली. हे सामुद्रिक असेल तर मग असू दे.

विंगेतला

नाटकवाला म्हणून दोन पैसे टाकतो. भरताच्या नाट्यशास्त्रात मस्तकाच्या १३ हालचाली आहेत, ३६ दृष्टी आहेत, आंगिक अभिनयाचे अध्यायच्या अध्याय आहेत. हे अमेरिकेतलं खूळ नाही. पण भरतमुनी काय शिकवतोय? दाखवायला. नटाने अशी दृष्टी टाकली की जाणत्या प्रेक्षकाला हा भाव कळावा. दोघांनी एकच लिपी शिकलेली आहे. रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून त्याच्या पोटातलं ओळख, असं काही तो सांगत नाही.

मात्र न शिकता कळतं याचाही पुरावा आहे, तोही घोड्याचा. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये उलगडा केला. उत्तराचा आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि घोडा थांबायचा. विचारणाऱ्याला स्वतःला पत्ता नाही! आपला नंदीबैल मालकाच्या इशाऱ्यावर मान हलवतो, पण तिथे मालकाला ठाऊक असतं. हान्सचं तसं नव्हतं. म्हणजे शरीर बोलतं हे नक्की. फक्त ऐकणारा घोड्याइतका निर्विकार हवा.

उंटावरचा शहाणा

म्हणजे भरतीला घोडा बसवा. +१

आडिवरेकर

मी आंबेवाला. वाशीला माल पाठवणाऱ्याला देहबोली कोणी शिकवायला नको. तिथे रुमालाखालचा सौदा असतो, निदान आमच्या वडिलांच्या पेट्यांचा तरी तसाच व्हायचा. दलाल आणि खरेदीदार समोरासमोर उभे. हातांवर रुमाल. आत बोटं धरायची, दाबायची, सोडायची. वर दोघंही भलतीकडे बघतायत, एखादा तर तिसऱ्याशीच गप्पा मारतोय. किती बोटं धरली ते कळतं, आणि ते शेकड्यात की हजारात हे माल बघूनच दोघांना ठाऊक. अर्ध्या मिनिटात पेट्यांचा भाव ठरला. शब्द शून्य टक्के, मामा! आणि चूक होत नाही.

पण ऐका. वडील तिथेच, दोन हातांवर उभे असायचे. झाड त्यांचं, फवारणी त्यांची, रात्रभर टेम्पोत बसून आलेले ते. रुमालाखाली काय झालं ते त्यांना पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात आल्यावर कळायचं. उघड लिलाव करा म्हणून बागायतदार ओरडतात ते याच्यासाठी.

तुमच्या भाच्याचं वाचलं आणि मला तो रुमालच दिसला. मुलाखत घेणारा आणि शहरातलं पोरगं, दोघं एकमेकांची बोटं ओळखतात. नजर किती सेकंद द्यायची, हसायचं केव्हा, खुर्चीत किती पुढे सरकायचं. केजचा पोरगा बाजूला उभा. भाव त्याचाच ठरतोय.

मिरजेचा मामा

आडिवरेकर, मला धाग्यात हेच म्हणायचं होतं आणि सातशे गोष्टी बोलून जमलं नव्हतं.

सिस्टर, तुमच्यापुढे माझी बोलती बंद. सामुद्रिक म्हणालो ते त्या वहीतल्या काडीच्या माणसांबद्दल. तुम्ही पोटाशी ओढलेले पाय मोजता, आणि चुकलात तर अर्ध्या तासात कळतं. भाच्याला नाकारणाऱ्याला तो चुकला हे कधीच कळणार नाही.

फौजदार साहेब, चहाचं पटलं. त्या मुलाखतीत चहा नव्हता.

तळेगावकर

आडिवरेकरांचं पोटात लागलं, खोटं बोलत नाही. पण धागा गोड करून मी माघार घेणार नाही. रुमाल काढायला हवा हे मान्य. मुलाखतीला ठरलेले तेच प्रश्न सगळ्यांना विचारा, प्रत्येक उत्तराला गुण द्या, यंत्रावर उभं करून काम करून घ्या, हे मी स्वतः माझ्या कंपनीत मांडलंय. दोन ठिकाणी मान्य झालं, तिसरीकडे साहेब म्हणाले, "मला माणूस बघताक्षणी कळतो."

तो साहेब उद्याही तिथेच बसणार आहे. तोवर मी पोरांना काय सांगू? तत्त्वासाठी नजर खाली ठेवा? रुमाल निघेपर्यंत बोटांची भाषा शिकवणं हाच व्यवहार आहे. साडेचार हजार जास्त झाले, हे मात्र खरं.

काळा कोट

बोटांची भाषा शिकवा की. फक्त 'ही आमची रीत आहे' असं सांगून शिकवा. 'हे शास्त्र आहे आणि तुझं चुकतंय' असं सांगू नका. त्या पोराच्या मनात आता कायमचं बसलंय की त्याची आई त्याला चुकीचं वळण लावत होती.

मिरजेचा मामा

आत्ताच भाच्याला फोन केला. सगळा धागा वाचून दाखवला. घोड्याला खूप हसला. मग गप्प. मग म्हणाला, "मामा, ते सगळं बरोबर, पण शनिवारी परत मुलाखत आहे. हात बांधू का नको?"

म्हटलं, टेबलावर ठेव.

म्हणाला, "आणि टेबल नसलं तर?"

तळेगावकर, तुमच्याकडे टेबल असतं का हो?