मुलांना आपण जास्तच सांभाळतोय का? तुमचे अनुभव लिहा

पाऊलवाट
परवा भाच्याच्या अकरावी प्रवेशासाठी कॉलेजात गेले होते. रांगेत सगळे आईबापच. अर्ज भावाने भरला, पसंतीक्रम वहिनीने लावले, पोरगा बाहेर गाडीवर बसून. विषय कुठले घेतलेस विचारलं तर म्हणाला, "पप्पांना विचार." आणि मला माझं कोल्हापूरचं पहिलं वर्ष आठवलं. गावाकडून एसटीने डबा यायचा. स्टँडवर जाऊन आपला डबा शोधायचा, रिकामा परतीच्या गाडीत द्यायचा. गाडी चुकली तर भात टाकायचा. फी, दाखले, बँकेतलं खातं, सगळं आमचं आम्ही केलं, आणि त्यातच परक्या माणसाशी बोलायची भीती गेली. ही संधी आपण आताच्या मुलांना देतच नाही असं मला फार वाटतं.

मोगरा७
एसटीचा डबा!! आमचा कायम कलंडायचा, चपात्या आमटीत भिजलेल्या. मग आईने आमटी बंदच केली. झुणका आणि शेंगदाण्याची चटणी. कुकर लावलाय, नंतर येते.

खडूफळा
मी आधी शहरात खासगी शाळेत शिकवायचे. रोज संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर एकच, "आजचा गृहपाठ पाठवा ना." मग फळ्यावरचं उतरवून घ्यायची गरजच मुलाला वाटत नाही. चौथीतल्या पोराने थर्माकोल इतका सरळ कापलेला नसतो हेही कळतं आम्हाला. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. इथली चौथीतली मुलगी धाकट्या भावाची आंघोळ उरकून त्याला घेऊन शाळेत येते. तिला मदत कमीच पडते. सरसकट सगळ्या मुलांचं म्हणू नका एवढंच.

तुळस_लातूर
मी मुलीबरोबर लातूरला खोली करून राहतेय, नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी. हे गावी, शेती सोडता येत नाही. आमच्या गल्लीत घरोघरी अशाच आया. क्लास, अभ्यासिका, परत टेस्ट. तिने कपडे कधी धुवायचे? लाड नाहीत हे.

खडूफळा
तुळसताई, तुमचे कष्ट कळतात हो. फक्त मार्क कमी आले तर क्लासच्या सरांशी तिलाच बोलू द्या.

तुळस_लातूर
बोलते ती. मी खालीच थांबते.

भेळभत्ता
मी १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगला. सीईटीनंतर कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. यादीत क्रम चुकला तर चार वर्षं तिथेच. बाबांनी माझ्याबरोबर बसून कटऑफ वहीत उतरवले, क्रम मी लावला. ह्याला परावलंबी म्हणणार असाल तर मला पटत नाही.

कृष्णाकाठ
भेळभत्ता, पटलं. वडील रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून 'कमवा आणि शिका'मधून शिकले. सकाळी शेतात काम, मग वर्ग. कर्मवीरअण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ साली काले गावात संस्था सुरू केली ती स्वावलंबनाच्याच विचाराने. पण पुढे वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. म्हणजे पाठीशी माणसं होतीच. वडील म्हणतात, राहायला जागा मिळाली, भाकरी मात्र आम्ही थापायचो. मला वाटतं मदत अशी असावी.

मोगरा७
आले. कृष्णाकाठ, काय सुंदर लिहिलंय! माझे आजोबाही साताऱ्याला शिकले, विचारायला हवं होतं त्यांना. आता नाहीत.

रानजाई
आमच्या घरात शिकलेलं कोणीच नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज असतो हेच कोणी सांगितलं नाही, तारीख गेली. त्या वर्षी आई माझ्या फीसाठी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जात होती. मी सगळं एकटीने केलं हे खरं, पण ते कौतुकाने नाही सांगवत मला. आता गावातल्या पोरींचे महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचे, अर्ज भरून घेते. शेजारी बसते, टाइप त्याच करतात.

पाऊलवाट
रानजाई, गलबलून आलं गं. खूप मोठं काम करतेयस.

भेळभत्ता
रानजाईताई, बहीण अकरावी सायन्सला आहे. जात वैधतेचा अर्ज आत्ताच करायचा का?

रानजाई
हो, बारावीच्या निकालापर्यंत थांबू नका. कॉलेजचं पत्र लागेल. आजोबा शाळेत गेले असतील तर तिथला जातीची नोंद असलेला जुना उतारा आधी काढा, त्यालाच वेळ जातो.