छोट्या गाडीची बॅटरी: ३५ घेऊ की ४५? (मदत हवी आहे)

मंडळी,

गेल्या रविवारी आईला सिंहगड रोडला मावशीकडे सोडायचं होतं. किल्ली फिरवली तर बॉनेटखालून नुसतं टक्-टक्-टक्. डॅशबोर्डवरचे दिवे लागत होते, पण सेल्फ मारला की मान टाकायचे. शेजारच्या काकांनी जंप केबल लावली, गाडी एका दमात सुरू झाली, आम्ही जाऊन आलो. बुधवारी पुन्हा तेच. या वेळी काकांनी केबलबरोबर "आता बॅटरी बदल गं" हेही दिलं.

गाडी २०१८ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. ही तिची दुसरी बॅटरी, बसवून साडेचार वर्षं होत आली, वॉरंटी संपलेली. वरच्या स्टिकरवर ३८बी२०एल असं लिहिलंय. कर्वे रोडच्या एका दुकानदाराने गाडी न बघता फोनवरच निकाल दिला: "गेली ताई ती. आता ३५ टाकू नका, ४५ घ्या, परत बघायला नको." जुनी परत देऊन ३५ एएचचे (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) साडेचार हजाराच्या आसपास, ४५चे हजार-बाराशे जास्त. दुसरा म्हणाला, बसते हो ४५, फक्त ट्रे बदलायचा आणि क्लॅम्प थोडा वाकवायचा. या "थोडा वाकवायचा"नेच मी इथे आले.

गाडी फारशी चालत नाही. ऑफिस कल्याणीनगरला. मार्च २०२४मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत गेली तेव्हापासून मी वनाजला बसते ती थेट तिकडेच उतरते. गाडी महिन्यातून दोन-तीनदा निघते, तीही मंडईपर्यंत. तर माझ्यासारखीने मोठी बॅटरी घेणं शहाणपणाचं आहे का? एक्साइड, अमरॉन, एसएफ सॉनिक यांपैकी कुठली, तेही सांगा, पण त्यावरून भांडू नका.

प्रतिसाद:

ताई, तुमचं उत्तर तुमच्या स्टिकरवरच आहे. बी२०मधला २० म्हणजे बॅटरीची लांबी, साधारण २० सेंटीमीटर. ४५ एएचवाल्या बहुतेक बी२४मध्ये येतात, म्हणजे २४ सेंटीमीटर. मग ट्रे बदला, क्लॅम्प वाकवा. क्लॅम्प, म्हणजे बॅटरी जागेवर धरणारी पट्टी, नीट बसला नाही तर खड्ड्यांत बॅटरी नाचते आणि आतल्या प्लेटा झडतात. आपल्या रस्त्यांवर हे वेगळं सांगायला नको. शेवटचा एल टर्मिनलची, म्हणजे वायर जोडायच्या टोकांची, बाजू सांगतो. आर आणलीत तर वायरी पोचायच्या नाहीत. कंपनी कुठलीही घ्या, पण दुकानात उत्पादनाचा महिना बघा. सहा-आठ महिने फळीवर पडलेली नको.

प्रतिसाद:

खरेदीच्या आधी बॅटरी खरंच गेली आहे का ते तर बघा! साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे उतरलेली. मग इंजिन चालू करून मोजा, १३.८ ते १४.५ यायला हवेत. तेवढे येत नसतील तर दोष अल्टरनेटरकडे (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करतो तो), नवी बॅटरीही महिन्याभरात झोपेल. वरची हिरवी खिडकी बघून खूश होऊ नका, ती सहापैकी एकाच सेलचं सांगते. आणि गाडीत नंतर काही बसवून घेतलंय का?

धागाकर्ती:

रात्रीनंतर ११.९. इंजिन चालू असताना १४.१. टर्मिनलवर पांढरट-हिरवा क्षार होता, तो गरम पाणी आणि खायच्या सोड्याने काढला, आकड्यात फरक पडला नाही. आणि हो, दिवाळीत भावाने डॅशकॅम बसवून दिलाय. गाडी उभी असतानाही चालू राहतो. त्याचा काय संबंध?

प्रतिसाद:

अहो, तोच संबंध! बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि ती वायर व बॅटरीचं टोक यांच्या मध्ये मीटर जोडा, १० अँपिअरच्या रेंजवर. दारं बंद करून अर्धा तास थांबा, म्हणजे गाडीची बाकी इलेक्ट्रॉनिक्स झोपी जातात. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. उभी गाडी ५० मिलिअँपिअरच्या आत वीज खात असेल तर ठीक.

धागाकर्ती:

शनिवारी काकांना घेऊन बसले. ते बॅटरी धरून, मी मीटर धरून, आई वरून गॅलरीतून चहाला हाका मारत. आकडा आला २८०! कॅमेऱ्याची वायर उपसली तर २०. थेट बॅटरीवरून सप्लाय दिला होता, व्होल्टेज पडलं की बंद करणारं किट लावलंच नव्हतं. भावाला फोन केला, तो म्हणाला, "अगं, पार्किंगमध्ये कोणी ठोकली तर रेकॉर्ड नको का व्हायला?" गाडी सुरूच होत नाही त्याचं रेकॉर्ड मात्र झालं असेल.

हिशोब मांडला. २८० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ६.७ एएच, ३५ची भरलेली बॅटरी पाच दिवसांत साफ. ४५ घेतली असती तर सातव्या दिवशी तेच टक्-टक्. कॅमेरा काढल्यावर पंधरा दिवसांत जेमतेम ७ एएच जातात.

तरी जुनी चार्जिंगला लावून लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून व्होल्टेज टिकतं का ते बघणं) करून घेतली. सुई ९ व्होल्टच्याही खाली गेली. वारंवार पूर्ण उतरल्याने प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, ते आता निघायचं नाही, असं मेकॅनिक म्हणाला. म्हणजे दुकानदाराचं "गेली" खरं ठरलं, कारण मात्र भलतंच निघालं.

३८बी२०एलच घेतली, ३५ एएच, दोन महिन्यांपूर्वीची तयार. कुठली, ते मुद्दाम लिहीत नाही, पुन्हा भांडाल. घेताना दोन गोष्टी लक्षात आल्या. ठळक छापलेल्या वॉरंटीतले पहिले काही महिनेच फुकट बदलून मिळते, उरलेल्या महिन्यांत वापराच्या प्रमाणात सूट. ही फोड आणि अनुक्रमांक बिलावर लिहून घेतला. दुसरं, सप्टेंबर २०२५मध्ये बॅटरीवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, पण एकाने मला जुन्या यादीतला भाव सांगितला होता.

काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी, हे काका तीनदा म्हणाले. घड्याळ आणि रेडिओचे चॅनेल पुन्हा लावावे लागले. कॅमेरा आता किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवर आहे. दर आठवड्याला अर्धा तास बाहेर काढायची, असंही ठरवलंय, रविवारी सकाळी चांदणी चौकापर्यंत आणि परत.

आता गाडी मुद्दाम पंधरा दिवस उभी ठेवतेय, त्यानंतर ही फेरी. सेल्फ मारून इथेच कळवते.