कंत्राटी सैन्य आणि जबाबदारी
पैसे घेऊन लढणारी माणसं पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांमुळे युद्धात जीवितहानी कमी होते, असं काही जण म्हणतात; मला हा मुद्दा अजिबात पटला नाही. मेलेला कंत्राटी माणूस शहिदांच्या यादीत येत नाही, म्हणून आकडा कमी दिसतो. आणि जबाबदारीचं काय? २००७ साली बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या माणसांनी १७ नागरिक मारले. त्यात वडिलांच्या गाडीत मागे बसलेला नऊ वर्षांचा मुलगाही होता. चौघांना शिक्षा झाली, पण २०२० मध्ये ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली!

पुणेकरांना तरी हे नवं वाटू नये. ३० ऑगस्ट १७७३ ला थकलेल्या पगारासाठी आरडाओरडा करत गारदी, म्हणजे पेशव्यांचेच भाडोत्री सैनिक, शनिवारवाड्यात घुसले आणि त्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. वॅग्नर हे रशियाचं खासगी सैन्य जून २०२३ मध्ये बंड करून मॉस्कोकडे निघालं, तेव्हा मला आधी तेच आठवलं. रशियात भाडोत्री सैनिक होणं कायद्यानं गुन्हा आहे, तरी युक्रेनमधलं बाखमुत शहर वॅग्नरकडूनच लढवून घेतलं, तेही तुरुंगातून उचललेले कैदी पुढे घालून.