बोलता येणे आणि अभ्यास समजणे
मुले सहा महिन्यांत परदेशात रुळतात, तेव्हा घरी मराठी बंद केलेलीच बरी, हे काहींचे मत मला पटत नाही. मित्रांशी बोलण्यापुरती इंग्रजी साधारण दोन वर्षांत येते. परंतु पाठ्यपुस्तकाच्या भाषेत वर्गाची बरोबरी साधायला बहुधा पाच ते सात वर्षे लागतात, हे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९८१ मध्येच टोरंटोतील स्थलांतरित मुलांविषयी मांडले होते.

नागपुरातून तिसरीत असताना परदेशात गेलेला माझा भाचा खेळताना अस्खलित बोलत असे, त्यामुळे शिक्षकांना त्याच्या अभ्यासाविषयी शंकाच आली नाही. गणितातली शाब्दिक उदाहरणे मात्र तो कोरी सोडायचा, खरे तर हिशेब त्याला तोंडी येत असे. ताईने तीच उदाहरणे रोज रात्री मराठीतून समजावायला घेतली, तेव्हा कुठे तो ती सोडवू लागला.