फिल्टर धुतला तरी हवा कमी येत असेल तर

दर तीन महिन्यांनी फिल्टर धुतला की एचआरव्हीकडे (घरातली शिळी हवा बाहेर टाकून, तिच्याच उष्णतेने बाहेरची ताजी हवा कोमट करून आत घेणारं मशीन) बघायलाच नको असं काही जण म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. आमच्याकडे कॅल्गरीत फिल्टर चकाचक, तरी बेडरूमच्या ग्रिलमधून हवा जेमतेम यायची आणि थंडीत रोज सकाळी खिडकीच्या काचेवर खालच्या कडेला पाणी साचलेलं. मी आपला मोटर गेली म्हणून खर्चाचा आकडा लावत बसलो होतो, शेवटी बाहेर जाऊन भिंतीवरचा ताजी हवा आत घेणारा हूड बघितला तर जाळीवर जूनमध्ये उडणारा पॉपलरचा कापूस बसलेला, त्यावर धूळ चिकटून पार गोधडी झालेली! जुन्या टूथब्रशने खरवडला, दहा मिनिटांचं काम, हवा लगेच सुरू.

आणि मशीनच्या खालून गुडगुड आवाज येत असेल, तर तो बहुतेक ड्रेनच्या नळीचा असणार. घरातली दमट हवा कोअरमध्ये (मशीनमधला उष्णतेची अदलाबदल करणारा ठोकळा) गार होते, तिचं पाणी त्या नळीतून जातं, आणि नळीला जो वेटोळा दिलेला असतो त्यात पाणी भरलेलं राहायला हवं, उन्हाळ्यात ते सुकतं आणि मग मशीन तिथून हवा ओढतं. थंडी सुरू व्हायच्या आधी कपभर पाणी ओतायचं, बस. फक्त ईआरव्ही (उष्णतेबरोबर दमटपणाचीही अदलाबदल करणारं तसंच मशीन) असेल तर कोअर मॅन्युअल वाचल्याशिवाय नळाखाली धरू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये तो नुसता व्हॅक्यूमच करायचा असतो. (फोडणीचा वास मात्र एचआरव्हीच्या बापाच्यानेही जात नाही, त्याला चिमणीच लागते.)