मदत हवी आहे : पुण्यात मोठ्या भावासाठी खात्रीची निवासी संस्था सुचवा

सायली_ज :
नमस्कार. माझ्या मोठ्या भावाला कायम राहता येईल अशी खात्रीची निवासी संस्था पुण्यात किंवा आसपास हवी आहे. पुढच्या महिन्यात आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे आणि त्यानंतर तिच्याने त्याचे सगळे होणार नाही. मी नोकरीनिमित्त बंगळुरूला असते. ज्या संस्थांना फोन केले, त्यांनी भावाची चौकशी करण्याआधी अनामत रक्कम सांगितली. कृपया प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनीच नावे सुचवावीत आणि शक्य तितक्या लवकर सुचवावीत.

वि_म_देशपांडे :
आजार कोणता, वय किती, स्वतःचे स्वतः किती करता येते आणि महिन्याला किती खर्च झेपेल, हे कळल्याशिवाय नाव कसे सुचवणार? बौद्धिक अक्षमता, स्मृतिभ्रंश, व्यसन आणि मनोविकार यांसाठीच्या संस्था वेगवेगळ्या असतात.

रानवारा :
कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राशी संपर्क साधा. डॉ. भरत वाटवानी यांना याच कामासाठी २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आहे.

वि_म_देशपांडे :
ते काम फार मोठे आहे, पण रस्त्यावर आलेल्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या घरी पोहोचवण्याचे आहे. या भावाला घर आहे आणि माणसेही आहेत.

सायली_ज :
आजार स्किझोफ्रेनिया, वय ४३. क्लोझापिन हे औषध चालू आहे आणि गेली काही वर्षे प्रकृती स्थिर आहे. आंघोळ, कपडे, जेवण त्याचे तो करतो. सकाळी दूध आणतो आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात किती पिशव्या आणल्या ते लिहितो. महिन्याचा हिशेब आई त्यावरूनच करते. मात्र गॅस बंद करायचे राहून जाते आणि रात्रीची गोळी आई समोर उभी असल्याशिवाय घेतली जात नाही. फ्लॅट आईच्या नावावर आहे. वडील पाटबंधारे खात्यात होते, त्यांचे निवृत्तिवेतन आईला मिळते. आता तरी नावे सांगा.

उमा_कोथरूड :
सायली, माझ्या धाकट्या बहिणीसाठी मी यातून गेले आहे. नावांआधी पाहायचे काय ते सांगते, कारण एका संस्थेचे माहितीपत्रक पाहून आम्ही पैसे भरले आणि पहिल्या भेटीला गेलो तेव्हा तिचे केस बारीक कापलेले होते आणि अंगावर सगळ्यांसारखा झगा होता. सक्तीने केस न काढण्याचा आणि स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २० मध्ये आहे, हे मला नंतर कळले. न कळवता जाऊन पाहा. खोल्यांना बाहेरून कड्या आहेत का, फोन कुणाकडे असतो आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचे नोंदणीपत्र आहे का, हे बघा. तुमच्या बाबतीत आणखी एक विचारायलाच हवे. क्लोझापिनमुळे पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून रक्त नियमित तपासावे लागते. ती तपासणी कोण करून घेणार आणि अहवाल कोणत्या डॉक्टरांना दाखवणार, याचे सरळ उत्तर ज्यांच्याकडे नसेल तिथे ठेवू नका.

वकील_ठाणे :
‘कायमचे ठेवणे’ हा विचारच कायद्यात बसत नाही. जो स्वतःचे निर्णय घेऊ शकतो तो स्वतःच्या संमतीने दाखल होतो. संमतीविना दाखल करण्यासाठी कलम ८९ च्या कडक अटी आहेत आणि त्या कलमाखालचा प्रवेशही जास्तीत जास्त ३० दिवसांपुरता असतो. केवळ कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही एवढ्या कारणाने कुणाला आस्थापनेत डांबून ठेवता येत नाही, असे कलम १९ सांगते. भावाला विचारले आहे का? त्याने साध्या कागदावर सही करून तुम्हाला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमले, तर पुढे उपचारांच्या निर्णयांत तुम्हाला त्याच्या बाजूने उभे राहता येईल.

टोरांटोकर :
आमच्याकडे आधी घर आणि मग गरजेनुसार सेवा, असे धोरण आहे. २००९ ते २०१३ या काळात कॅनडाच्या पाच शहरांत बेघर मनोरुग्णांवर त्याचा मोठा प्रयोग झाला आणि उपचारांची अट न घालता घर दिलेली माणसे त्या घरांत अधिक टिकून राहिली. त्यामुळे संस्था हे उत्तर नाही.

वि_म_देशपांडे :
तिथे भाड्याचा मोठा वाटा सरकार उचलते. इथे आश्रयगृहे आणि मदतनिसांच्या आधाराने राहण्याची घरे यांची तरतूद कलम १८ मध्ये आहे, पण प्रत्यक्षात सोय इतकी थोडी आहे की आईबापांना खासगी संस्थांचेच उंबरे झिजवावे लागतात. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया असलेल्या घराला धोरण सांगून काय उपयोग?

टोरांटोकर :
मान्य, पण पद्धत भारतातही आहे. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ संस्थेच्या ‘होम अगेन’ उपक्रमात चार-पाच जण साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात आणि मदतनीस त्यांच्या सोबतीला असतो. सायली यांच्याकडे घर तर आधीच आहे, फक्त सोबत नाही.

पेन्शनर_नाना :
मूळ मुद्दा राहून जातो आहे. राज्य शासनाच्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे, मनोविकारामुळे कमावू न शकणाऱ्या मुलाला आईनंतर कुटुंब निवृत्तिवेतन तहहयात मिळू शकते. आई असतानाच वैद्यकीय प्रमाणपत्र काढा आणि कोषागारात नाव नोंदवून घ्या. नंतर एकेका कागदासाठी दमछाक होते.

रानवारा :
‘नॅशनल ट्रस्ट’ या केंद्र सरकारच्या संस्थेकडून भावाचे कायदेशीर पालकत्वही घेऊन ठेवावे.

वकील_ठाणे :
नॅशनल ट्रस्टचा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अक्षमता यांच्यापुरता आहे. स्किझोफ्रेनियासाठी तिथे अर्ज करून वेळ घालवू नका.

सायली_ज :
दादाला विचारले. तो म्हणाला, “मी घर सोडणार नाही, दुधाचे कोण बघेल?” आईला मात्र वाटते की घरी राहिला तर शेवटी सगळा भार तिच्यावरच येईल, आणि तिचेही खोटे नाही. घरीच ठेवायचे म्हटले तर रात्रीचे काय? घरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोतून येणारी माणसे म्हाताऱ्यांची सेवा करणारी असतात, त्यांना हा आजार कळत नाही.

उमा_कोथरूड :
ब्यूरोचा माणूस शस्त्रक्रियेच्या दिवशी आणू नकोस. आई हिंडती-फिरती आहे तोवर, याच आठवड्यापासून रात्रीच्या मुक्कामाला ठेव, म्हणजे दादाला त्याची सवय होईल. दादाने रात्रीची गोळी घेतली का ते समोर उभे राहून पाहायचे आणि झोपण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, एवढी दोनच कामे त्या माणसाकडे दे. दूध दादाच आणेल. दिवसासाठी धायरीच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या पुनर्वसन केंद्रात दादाला घेऊन जा. तिथे रुग्णांच्या नातेवाइकांचा स्वमदत गटही आहे, आईला त्याचा आधार वाटेल. रात्री-अपरात्री अडचण आली तर १४४१६ या टेलिमानस म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते. निवासी संस्थेचा शोध थांबवू नकोस, पण आई बरी होईपर्यंतच्या थोड्या मुदतीसाठी घेणारी संस्था शोध आणि पाहायला जाताना दादाला बरोबर ने. तू पुण्याला कधी येते आहेस? माझ्या ओळखीचा एक मदतनीस आहे, त्याने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाबरोबर काम केले आहे. व्यक्तिगत निरोपात क्रमांक कळवते.

सायली_ज :
शनिवारी येते आहे. क्रमांक जरूर कळवा. त्याच्याशी बोलणे दादासमोरच करते.